पहिला हात

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! सामान वर चढवून झालं, आधण ठेवलंय आणि पाणी उकळेपर्यंत ही नवी वही उघडून बसलेय. वय वर्षं एकोणचाळीस, आणि अख्ख्या घराची किल्ली पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या पर्समध्ये. दिवसभरात चारदा चाचपून पाहिली. चारही वेळा जागेवरच होती.

घर म्हणजे दुमजली घराचा वरचा मजला. जिना बाहेरून, लोखंडी. कुणी चढलं की साऱ्या गल्लीला वर्दी जाते. पुढची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मागची एक खोली. खाली मालकीणबाई एकट्याच राहतात. साठीच्या असतील, अंगाने बारीक, आणि बोलतात ते तोलूनमापून, जणू शब्द उसने आणलेत. उन्हाळा असूनही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. पण बाई चांगल्या वाटल्या. आल्या आल्या पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या.

उद्यापासून नव्या प्रयोगशाळेत कामावर. शहर बदललं तरी काम तेच, कवळ्या. ताई सगळ्यांना सांगते, आमच्या धाकटीला माणसं दिसत नाहीत, दात दिसतात. खोटं नाही. डॉक्टर लिहून पाठवतात ती छटा मी कधीच डोळे मिटून घेत नाही. शेजारच्या खऱ्या दातापाशी छटांची पट्टी धरून ताडून पाहते. पाव छटेचा फरक असला तरी माझा जीव खालीवर होतो.

मागची खोली आईची. आई रविवारी चोवीसला येणार. सहा वर्षं तिला ताईने सांभाळलं. आता भावोजींची बदली झालीय, त्यांचं घर तेवीसला रिकामं करायचंय. आता माझी पाळी. हे ताई म्हणाली नाही, मीच म्हणाले, आणि म्हटल्यावर फोनवर तिचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. रडत असावी.

खोली चांगली आहे. खिडकी एक, दार एक, पलंग मावून वर फिरायला जागा. पण भिंती शाईसारख्या गडद निळ्या. आईला काचबिंदू, नळीतून पाहावं तेवढंच दिसतं, तेही धूसर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, भिंती अगदी फिक्या ठेवा आणि दाराची चौकट गडद, म्हणजे दार कुठे ते त्यांना कळेल. या निळ्यात तर डोळसाला दार सापडायचं नाही. मालकीणबाईंना रंगाचं विचारलं. म्हणाल्या, खुशाल लाव, फक्त पहिला हात कसला द्यायचा ते तू स्वतः ठरव, रंगाऱ्यावर सोडू नकोस. मला बाईंचं कौतुक वाटलं. लोक वरच्या रंगासाठी दहा दुकानं फिरतात, प्रायमरचं कुणी विचारतही नाही.

पाणी उकळलं.

बुधवार, ६ मार्च

प्रयोगशाळा आवडली. उजेड उत्तम, माणसं हसरी. माझ्या टेबलाशेजारची मुलगी साच्यात मेण ओतताना गुणगुणत असते.

आज रंगारीकाका येऊन गेले. मालकीणबाईंनी नाही, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने पाठवले. काटकुळे, पांढऱ्या भुवया, खिशात पत्र्याची खरवडणी. या धंद्यात पस्तीस वर्षं काढलीत म्हणाले. भिंतीवर टकटक करून, कान लावून, तळहात फिरवून पाहिलं. ओल नाही, भिंत टणक आहे. मी वरचा रंग लोण्यासारखा पिवळट हवा म्हटल्यावर त्यांनी मला प्रायमर समजावला. वर फिका रंग हवा तर खाली पांढरा. वर गडद हवा तर खाली करडा, म्हणजे रंग लवकर भरतो. आणि जुना रंग हट्टी असला तर प्रायमरमध्येच थोडी छटा मिसळायची. "भिंत म्हणजे सासू, मॅडम. आधी तिला काय चालतं ते बघायचं, मग आपली हौस."

मग त्यांनी खिडकीखाली पोस्टकार्डाएवढी जागा खरवडली. कडेला थर दिसायला लागले, कांदा चिरल्यासारखे. मी चष्मा लावून गुडघ्यावर बसले. वर निळा. त्याखाली तांबूस तपकिरी. मग पुन्हा निळा, त्याखाली फिकट गव्हाळ. पुन्हा निळा, त्याखाली काळसर. पुन्हा निळा आणि सगळ्यांत खाली पिवळसर गोरा. चार वेळा निळा, आणि चारही वेळा त्याच्याखाली वेगळं अस्तर. काका म्हणाले, जो आला त्याने आपल्या आवडीचं लावलं. मी म्हटलं, आवडी मोठ्या जवळजवळच्या दिसतात. चारही छटा एकाच घराण्यातल्या होत्या.

ठरलं, पांढरा. शनिवारी पहिला हात.

रविवार, १० मार्च

काल संध्याकाळी पांढरा प्रायमर लागला तेव्हा खोली न्हाऊन आलेल्या लेकरासारखी दिसत होती. ताईला फोटो पाठवला. तिने आईला वर्णन करून सांगितलं, आई म्हणे हसली.

आज सकाळी दार उघडलं, तर भिंती निळ्या. सोलून पडला असता तर खाली पापुद्रे दिसले असते. जमीन स्वच्छ. भिंतीने तो पिऊन टाकला होता. काकांना फोन केला, ते सायकल दामटत आले. रिकामा डबा उलटासुलटा करून वास घेतला, तारीख पाहिली, डोक्याला हात लावला. म्हणाले, असं कधी पाहिलं नाही, माल भेसळीचा असणार. दुकानदाराला चार शब्द सुनावतो म्हणाले. त्यांच्या तोंडावर मात्र मालाचा राग दिसला नाही. चुकून परक्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखा चेहरा होता.

मंगळवारी करडा लावून बघू म्हणाले.

बुधवार, १३ मार्च

करडा राहिला नाही. काल लावला, आज सकाळी सगळा कोंड्यासारखा गळून जमिनीवर. दोन सुपं भरून केर काढला.

काका चिडलेत, पण आता त्यांनाही खाज सुटलीय. आज त्यांनी खिडकीशेजारी वहीच्या पानाएवढे सहा चौकोन रंगवले. प्रायमरमध्ये वेगवेगळ्या छटा घालून: साय, गुलाबी, माती, बिस्कीट, राख, पेरू. मी डब्यात डोकावून "आणखी थेंबभर पिवळा, आता चिमूटभर तांबडा" असं सांगत होते. असल्या कामात माझा हात कोण धरणार? दाखवता दाखवता डाव्या हाताची दोन बोटं बिस्किटाच्या ओल्या चौकोनाला टेकली.

संध्याकाळपर्यंत पाच चौकोन गेले. बिस्कीट राहिला. बोटांचे ठसे मात्र दिसत नाहीत. भिंत सपाट, गुळगुळीत.

काकांनी त्यावर नख मारलं, ओलं फडकं घासलं. हलत नाही. "सासूला हे चालतंय बघा," म्हणाले. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. आईसाठी जरा गडद आहे, पण त्यावर पिवळट रंगाचे दोन हात दिले की काम झालं. आई यायला अजून अकरा दिवस आहेत.

गुरुवार, १४ मार्च

एक गंमत. काल आंघोळीच्या वेळी बाह्या वर केल्या तेव्हा मनात आलं, म्हणून आज काकांकडून त्याच डब्यातला प्रायमर कार्डावर लावून घेतला आणि प्रयोगशाळेत नेला. आमच्या दिव्याखाली रंग खोटं बोलू शकत नाही. कार्ड माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला धरलं.

पाव छटेचाही फरक नाही. कार्डाची कड कुठे संपते आणि माझा हात कुठे सुरू होतो, ते शेजारच्या मुलीलाही सांगता येईना. ती म्हणाली, घराला तुमचाच रंग देताय की काय! सगळे हसले. मीही. माझ्या धंद्यातल्या बाईला यापेक्षा मोठी शाबासकी नाही.

शनिवार, १६ मार्च

काल पूर्ण खोलीला बिस्कीट लागला. इतका सुरेख बसलाय की ब्रशची रेघ नाही, रोलरचा दाणा नाही. दुपारी त्या भिंतीला पाठ टेकून मी चहा प्यायले. भिंत कोमट होती. खिडकी उत्तरेला आहे, ऊन येत नाही.

काका आज वरचा रंग लावायला आले. दारातच थबकले. आत यायला तयार नाहीत. मी कारण विचारलं तर पायाच्या अंगठ्याने उंबरा घासत राहिले. शेवटी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराबरोबर ते एका घरी आले होते, तिथेही पहिला हात असाच बसेना. एक मास्तर राहायचे. शेवटी तांबूस तपकिरी टिकला. मास्तर त्याच वर्णाचे होते. तेव्हा जिना मागच्या बाजूला होता, घराबाहेर झाड होतं, म्हणून त्यांनी हे घर आधी ओळखलं नाही. काल खिडकीची कडी हातात आली तेव्हा ओळखलं. मास्तरांचं पुढे काय झालं, विचारलं. म्हणाले, गेले म्हणे न सांगता. लोक गेले की जातातच, मॅडम.

मग मला म्हणाले, आजच्या आज हे घर सोडा. माझी मजुरीही नको. आणि खरवडणी तिथेच विसरून, जिना दणाणत निघून गेले.

मला राग आला. अर्धवट काम टाकून पळायला बरा बहाणा. दुसरा रंगारी शोधायला हवा.

हे लिहिताना डाव्या हाताकडे लक्ष गेलं. दोन बोटं टोकाकडून पांढुरकी पडलीत, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. पाठीला खाज सुटलीय.

सोमवार, १८ मार्च

आरशात पाठ पाहिली. मान वळवून वळवून दुखली. भिंतीला टेकली होती तेवढी जागा, दोन्ही खांद्यांपासून कमरेपर्यंत, रंगहीन. पांढरी म्हणता येणार नाही. आमच्याकडे छटा घालण्याआधीचा दात असतो, तशी.

प्रयोगशाळेत सगळे म्हणाले रक्त तपासून घ्या. जायचं ठरवलं. संध्याकाळी दवाखान्याकडे वळले, तर पाठ ओढल्यासारखी झाली. चटका नव्हता, कळही नव्हती. सुकलेली चिकटपट्टी कुणीतरी हळूहळू सोलतंय असं काहीतरी. पाऊल पुढे टाकावं तसं ओढ वाढे. दवाखाना दिसत होता. पाटी वाचता येत होती. मी परत फिरले. घराच्या दिशेने प्रत्येक पावलाला बरं वाटत गेलं, आणि मागच्या खोलीत शिरले तेव्हा तर डोळे भरून आले, एवढं बरं वाटलं.

मालकीणबाई जिन्याखाली उभ्या होत्या. त्यांनी विचारलं नाही कुठून आलीस. विचारलं, कितपत लांब गेली होतीस?

मंगळवार, १९ मार्च

कामावर निघाले. बसथांब्यापर्यंत पोचले नाही. मधल्या कोपऱ्यावर खाली बसले. एका बाईने पाणी दिलं, रिक्षा थांबवू का विचारलं. रिक्षात बसले असते तर पाठ मागेच राहिली असती. हे मी लिहितेय आणि मला ते खरंच वाटतंय.

दुपारी पुन्हा प्रयत्न केला, अंगावर जाड स्वेटर घालून, जणू थंडीची गोष्ट आहे. फाटकापर्यंत गेले. फाटकाच्या कडीला हात लागला.

तेवढंच.

बुधवार, २० मार्च

आज फाटक नाही. जिन्याची चौथी पायरी.

ताईला फोन केला. आईला आणू नकोस म्हणाले. कारण काय सांगणार? म्हटलं बरं नाही, घर नीट नाही, रंग झाला नाही, आठवडाभर थांब. ताई बोलली ते जसंच्या तसं लिहितेय, कारण तिचं चुकलं नाही. "मला माहीत होतं. दर वेळी तुझं काहीतरी निघतंच. सहा वर्षं मी एक रात्र सलग झोपले नाही, तुला ठाऊक आहे? शनिवारी टेम्पो येतोय. आईचा पलंग कुठे टाकू, रस्त्यावर?" मी म्हटलं, हॉटेलात ठेव, कुठेही ठेव, इथे नको. ती म्हणाली, तिच्यासमोर बोल हे. आणि फोन आईकडे दिला.

आई म्हणाली, धाकटे, मला कोपरा पुरेल गं.

मग ताईने फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलत नाही. निरोप पाठवला, भिंतीचं सगळं खरं खरं लिहून. तिने उत्तर पाठवलं, आईलाही वाचून दाखवलं, लाज वाटू दे.

गुरुवार, २१ मार्च

काकांची खरवडणी घेतली. दाराशेजारी बोटभर भिंत खरवडली.

दंडातून रक्त आलं. माझ्या. उजव्या दंडातून, बोटभर, तेवढ्याच लांबीचं. खरवडणी माझ्या अंगाला लागलीच नव्हती. पुन्हा थोडं खरवडून पाहिलं. पुन्हा तेच. रक्त पुसून भिंतीच्या त्या जागेवर ओला हात ठेवला तेव्हा भिंतीची जखमही मिटली आणि माझीही.

आता खोलीच्या बाहेर पडवत नाही. उंबऱ्यावर पाय ठेवला की कातडी ताणून चेहराही वाकडा होतो. फोनचा चार्जर पुढच्या खोलीत, खुर्चीवर. दिसतोय. सात पावलं असतील. काठी नाही, दोरी नाही. चादर फेकून ओढायला गेले, खुर्चीच दूर सरकली.

हाका मारल्या. मालकीणबाई वर आल्या. दाराबाहेर थांबल्या, आत पाऊल टाकलं नाही. मी म्हटलं, तेवढा चार्जर द्या. त्यांनी चार्जर उचलला, पाहिला, आणि पदराखाली धरला. मग बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत हात तसाच, छटा नसलेला. म्हणाल्या, वर कुणी राहिलं नाही की ही भिंत खाली उतरते. माझ्याकडे. म्हणून भाडेकरू ठेवते. मी वाईट बाई नाही. जो राहील तो तिला वर्षानुवर्षं पुरतो. मग निळा देते, म्हणजे पाहवतं तरी.

मी पाया पडले त्यांच्या, लांबून. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण त्यांनी दार ओढून घेतलं.

कडी लावल्याचा आवाज आला नाही. गरजच नाही.

शुक्रवार, २२ मार्च

खिडकीतून ओरडले. खाली माणसं जातात, भाजीची पिशवी, शाळेचं दप्तर, एक म्हातारा छत्री टेकत. कुणी वर पाहत नाही. आवाज माझ्या कानांपर्यंतच पोचतो, पुढे जात नाही. गादीत बोलल्यासारखा.

दुपारी पाय उभे राहीनात. भिंतीला टेकून बसले की दुखणं थांबतं. फक्त तेवढ्यापुरतं, असं म्हणून खिडकीशेजारी जमिनीवर बसले, गुडघे पोटाशी घेऊन. डुलकी लागली.

पाठ निघत नाही.

शनिवार, २३ मार्च

पाठ, डोक्याची मागची बाजू, डावा हात पूर्ण. उजवा हात कोपरापासून मोकळा. वही मांडीवर.

फोन बंद पडला. शेवटचा निरोप गेला की नाही माहीत नाही.

भिंतीच्या आत आणखी कुणी आहे. बोलत नाहीत. पण माझ्या पाठीला पाठ लागते. चौघं. एक खोकतो, त्याचा धक्का मला कळतो. मास्तर असतील. भीती वाटायला हवी. वाटते. पण त्यांची पाठ कोमट आहे आणि—

नाही. हे लिहायचं नाही.

उद्या रविवार. टेम्पोला काहीतरी होवो. पंक्चर होवो. ताईला ताप येवो. देवा, ताईला थोडासा ताप—

रविवार, २४ मार्च

गुडघे काल बाहेर होते. आज नाहीत.

दहा वाजता जिना वाजला. ताईचा आवाज, माझं नाव. तोंड उघडायला गेले. ओठ भिंतीच्या पातळीत आलेत, उघडत नाहीत. डोळे उघडे आहेत.

ताई खोलीत आली. सगळीकडे पाहिलं. माझ्यावरून नजर गेली, दोनदा. मालकीणबाई मागून सांगत होत्या, गेली हो, परवाच गेली, न सांगता. ताई मटकन जमिनीवर बसली, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि रडली. म्हणाली, अशी नव्हती ती. मग म्हणाली, अशीच होती.

ताई. इथे आहे मी. इथे—

टेम्पोवाल्यांनी आईचा पलंग याच भिंतीला लावला. माझा हात आणि वही पलंग आणि भिंतीमधल्या फटीत. वहीचा पुठ्ठा बिस्किटी झालाय. बोटंही.

संध्याकाळ

ताई खाली मालकीणबाईंकडे बोलायला गेली. आई पलंगावर एकटी. नवी खोली हातांनी शिकत होती. खिडकीची चौकट, कडी, भिंत. बोटं सरकत सरकत माझ्या कपाळावर आली. थांबली. भुवई. नाक. हनुवटीखालची खोक, झोपाळ्यावरून पडले होते ती.

आई ओरडली नाही. खूप वेळ तसाच हात. मग अगदी हळू म्हणाली, "किती गार पडलीयेस गं, धाकटे."

मग तळहात माझ्या गालावर ठेवला. आणि मला कळलं, भिंत तो हातही ओढतेय. उजव्या हाताने, फटीतून, तिचं मनगट ढकललं. जमेल तेवढ्या जोराने ढकललं. तिने हात काढला नाही. म्हणाली, "ढकलू नकोस. सहा वर्षं तुझी वाट पाहिली."

ताईची पावलं आली तेव्हा काढला. तळहाताचा मधला भाग पांढरा. आईला दिसत नाही. ताईने दिवा लावला नव्हता.

सोमवार, २५ मार्च

उजवं मनगटही जातंय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

ताईने नवा रंगारी आणलाय. ती चार दिवस राहणार, आईची खोली लावून देणार, तिला सांभाळायला बाई ठेवणार, मग जाणार. रंगारी सांगतोय, हा प्रायमर उघडा राहिलाय, वरून पुन्हा एक हात द्यावा लागेल. पांढरा की करडा की छटा घालू?

पांढरा म्हण ताई. पांढरा. तो टिकणार नाही. काहीच टिकलं नाही तर तुम्ही कंटाळून निघून—

ताई म्हणते, आई, खोली तुझी, तूच सांग.

आई पलंगावरून उठली. भिंतीकडे तोंड. माझ्याकडे. पांढरा नको, म्हणते. रंगारी हसतो, आजी, मग कुठला?

ती बाही वर करतेय. हात पुढे करतेय. म्हणते, हा बघ. असा मिळेल का, अगदी अस्सा?

आई नको. आई हात मागे घे. तो डब्यात रंग कालवतोय, तिचा हात धरून जुळवतोय, थेंबभर पिवळा, आई त्याला सांग नको म्ह—